प्रार्थनेतली गाळलेली ओळ

नमस्कार मंडळी,

बर्‍याच दिवसांनी लिहायला बसले आहे. (आमच्यात 'मंडळी' म्हणजे चर्चमध्ये जमणारे सगळे विश्वासणारे. त्यामुळे इथे 'मंडळी' असं लिहिलं की दर वेळी मला आपण रविवारच्या उपासनेत सूचना वाचायला उभे आहोत असं वाटतं. असो.)

निमित्त असं झालं की गेल्या आठवड्यात माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचा फोन आला. लग्नाला वर्ष झालंय, नवरा-बायको दोघंही बंगळूरला आयटीत. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर म्हणाली, "मावशी, तुमच्याकडे रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते ना गं? आमच्याकडे आठवड्यातून एकदासुद्धा होत नाही. रविवारी चर्चला जातो, पण सोमवार उजाडला की ते सगळं जणू दुसर्‍याच कुणाच्या तरी आयुष्यात घडलं होतं असं वाटतं. तुम्हाला कसं जमतं?"

झालं! मावशीला व्यासपीठ मिळालं. वेळ ठरवून घ्या, छोटी ठेवा, फोन दुसर्‍या खोलीत ठेवा, मूड असो नसो बसायचंच, वगैरे वगैरे. ती बिचारी लिहूनसुद्धा घेत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, तुझा विश्वास किती पक्का आहे गं!"

फोन ठेवला आणि मला स्वतःची लाज वाटली. कारण तिला जे सांगितलं ते सगळं खरं होतं, पण एक गोष्ट मी सांगितली नाही. ज्या काळात आमच्या घरात एकही रात्र प्रार्थना चुकली नाही, त्याच काळात जवळजवळ दोन वर्षं मी प्रभूच्या प्रार्थनेतली एक ओळ म्हणत नव्हते. सगळे म्हणायचे, मी तेवढ्यापुरती गप्प बसायचे. ते तिला सांगायला हवं होतं. म्हणून आता सगळ्यांसमोरच सांगते. नात्यातली बरीच मंडळी हे वाचतात हे मला माहीत आहे. ज्याच्याविषयी आहे त्याला आधी फोनवर वाचून दाखवलंय, परवानगी घेतली आहे. त्याने एकच दुरुस्ती सुचवली, ती पुढे येईलच.

पण आधी थोडं नगरविषयी. (२०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. पण माझ्या तोंडातून अजून नगरच येतं, माफ करा.)

आमचं घर नगरचं. आमच्याकडचा ख्रिस्ती समाज तसा जुना, अमेरिकन मराठी मिशनच्या काळापासूनचा. 'ज्ञानोदय' मासिक १८४२ साली नगरलाच सुरू झालं. रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक ही आमच्यासाठी पाठ्यपुस्तकातली नावं नव्हती, घरात उठता बसता घेतली जाणारी नावं होती. चर्चमधल्या 'उपासना संगीत'मध्ये कितीतरी गीतांखाली टिळकांचं नाव. लहानपणी मला वाटायचं की हे गृहस्थ दिवसभर दुसरं काहीच करत नसणार. पुढे 'स्मृतिचित्रे' वाचल्यावर कळलं की गृहस्थ दुसरं बरंच काही करत, आणि ते निस्तरायला लक्ष्मीबाई असत :)

तर आमच्या घरी रात्री आठ वाजता प्रार्थना. पप्पा शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घड्याळ हा घरातला दुसरा देवच म्हणायचा. आठ म्हणजे आठ. पाहुणे असले तर पाहुण्यांसकट. लाईट गेले तर कंदील लावून. आधी एक गीत, मग शास्त्रपाठ, मग कुणीतरी एकाने प्रार्थना करायची आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. पप्पा शास्त्र पहिल्या पानापासून सलग वाचत. त्यातलं काहीही गाळायचं नाही हा त्यांचा हट्ट. पहिल्या इतिहासाच्या पुस्तकात सुरुवातीचे नऊ अध्याय नुसत्या वंशावळ्या आहेत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा ढमका. पप्पा ती नावं हजेरी घेतल्यासारखी वाचत आणि मी आणि दादा एकमेकांकडे न बघण्याची पराकाष्ठा करत असू. बघितलं की संपलं. हसू फुटायचं, मग पप्पा चष्म्याच्या वरून बघायचे.

आईची पाळी आली की वेगळीच परीक्षा. आई देवाला सगळ्या नातेवाईकांची नावं घेऊन, कोण आजारी, कुणाचं लग्न जमत नाही, कुणाच्या म्हशीला काय झालंय, हे सगळं सविस्तर सांगायची. भात गार व्हायचा. एकदा दादा गुडघ्यावर बसल्या बसल्या झोपला आणि 'आमेन' म्हटल्यावर तसाच राहिला. पप्पा म्हणाले, "राहू दे. गेथशेमानेत शिष्यसुद्धा झोपले होते."

आमच्या वाड्यात शेजारी त्याच सुमाराला 'शुभं करोति' चालायचं. त्यांचं लवकर संपायचं आणि त्यांची मुलं आमच्या दाराशी येऊन, आमचं कधी संपतंय याची वाट बघत उभी राहायची. मला तेव्हा त्यांचा फार हेवा वाटायचा.

हे सगळं इतकं सांगतेय कारण लग्न होऊन पुण्याला आल्यावर मला वाटलं होतं की ही सवय आपोआप बरोबर येईल, जशी नाकीडोळी आई-वडिलांकडून येतात तशी. तसं काही होत नाही हो! पहिली दहाबारा वर्षं आमच्याकडे प्रार्थना म्हणजे कधी आहे, कधी नाही. नवर्‍याची शिफ्ट, माझी नोकरी, मग लेक झाली. उपाय काय कमी केले? पहाटे पाचला उठून बघितलं. तीन दिवस उठले, चौथ्या दिवशी ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून झोपले. एका वर्षात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचायचा संकल्प तर मी निदान पाच वेळा केला असेल. एकूण १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोजचे तीन-साडेतीन. ऐकायला सोपं वाटतं. उत्पत्ती मजेत जातं, निर्गम निम्मं तरी मजेत जातं, आणि जानेवारी संपता संपता लेवीय येतं. यज्ञपशूची चरबी, कुष्ठाचे डाग, भिंतीवरची बुरशी... माझी गाडी दर वर्षी फेब्रुवारीत तिथेच रुतायची. पप्पांनी ते न कंटाळता मोठ्याने वाचलं होतं, आणि तेही आमच्यासारख्या श्रोत्यांसमोर! त्यांच्याविषयीचा माझा आदर लेवीयमुळे फार वाढला.

मग कुणीतरी ब्रदर लॉरेन्सचं पुस्तक दिलं. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात स्वयंपाकघरात काम करणारा साधा माणूस. भांडी घासताना, स्वयंपाक करताना त्याला देव तितकाच जवळ वाटायचा जितका चर्चमध्ये. वाचून भारावून गेले. दुसर्‍या दिवसापासून पोळ्या लाटताना देवाशी बोलायचं ठरवलं. पण मंडळी, त्या भल्या माणसाला सकाळी सव्वासातला तीन डबे भरायचे नव्हते, आणि "आई, माझा भूगोलाचा प्रोजेक्ट आजच द्यायचाय" असं ओरडणारं त्याच्या मठात कुणी नव्हतं! माझ्या पोळ्या करपल्या, देवाशी बोलणंही अर्धवट राहिलं. तरी एक कबूल करायला हवं, त्या पुस्तकाने एवढं झालं की सिग्नलला थांबले, लिफ्टची वाट बघत उभी राहिले, की दोन शब्द बोलायची सवय लागली. "प्रभू, आजचा दिवस." बस्स, इतकंच. ती अजून आहे.

रोजची प्रार्थना मात्र शेवटी टिकली ती पप्पांच्या पद्धतीनेच. पावणेनऊ. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी, तिथल्या तिथे टेबलाशी. गीताचं एक कडवं, एक लहानसा उतारा, कुणीतरी दोन मिनिटं प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. सगळं मिळून दहा मिनिटं. 'ताटं उचलायच्या आधी' यात सगळं गुपित आहे. एकदा ताटं उचलली की एक जण टीव्हीकडे, एक मोबाईलकडे, एक ओट्याकडे. खरकटे हात वाळतात, पण माणसं जागेवर असतात. हे मी भाचीला सांगितलं, आणि हे चांगलं आहे, यात काही खोट नाही.

आता ती ओळ.

२०१८ मध्ये दादाने माझ्याकडे तीन लाख रुपये मागितले. त्याचं नगरला फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे, नवीन मशीन घ्यायचं होतं. आम्ही लेकीच्या शिक्षणासाठी ठेवलेली एफडी मोडली. दोन वर्षांत परत देतो म्हणाला, आणि तो देणार यात मला शंका नव्हती. बरोब्बर दोन वर्षांनी, २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं. लग्नं नाहीत, वाढदिवसाचे फ्लेक्स नाहीत, निवडणुका नाहीत. दुकान बंद. तेव्हा कोण पैसे मागणार? मग २०२१ मध्ये पप्पांना अर्धांगवायूचा झटका आला. आई आधीच गेली होती. अकरा महिने ते अंथरुणावर होते, दादाकडेच. मी एक रविवार सोडून एक रविवार जायचे. २०२२ च्या जानेवारीत पप्पा गेले.

त्या मधल्या काळात दादाने गाडी घेतली. (हीच ती दुरुस्ती: "सेकंडहँड होती, ते लिही.") सेकंडहँड होती. पण मला दिसली ती फक्त गाडी. मी काही बोलले नाही, मनात मात्र हिशोब सुरू झाला. गाडीला पैसे आहेत, माझ्या लेकीच्या एफडीला नाहीत.

पप्पांच्या वर्षाच्या प्रार्थनेला, २०२३ च्या जानेवारीत, सगळे जमले होते. पाळक येऊन गेले, जेवणं झाली. स्वयंपाकघरात वहिनी भांडी आवरत होती आणि मी, का कुणास ठाऊक, तिथेच विषय काढला. गाडीचं बोलले. वहिनी हातातलं पातेलं तसंच धरून म्हणाली, "ताई, तुमचे तीन लाख मला रोज आठवतात. तुम्हाला आमचे अकरा महिने कधी आठवतात का?"

मग आवाज चढले. दादा आत आला. जे बोलायला नको ते सगळं बोललं गेलं. आम्ही त्याच संध्याकाळी पुण्याला निघालो, आणि त्यानंतर वाढदिवसाला मेसेज, नाताळला मेसेज, इतकाच संबंध उरला.

घरी आल्यावर दुसर्‍या दिवशी पावणेनऊला नेहमीप्रमाणे बसलो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. रोजच्या भाकरीची विनंती झाली, आणि पुढची ओळ आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या मराठी पवित्र शास्त्रात, मत्तयाच्या शुभवर्तमानात जी प्रभूची प्रार्थना आहे, तिच्यात या जागी 'ऋण' हा शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकर्‍यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, अशा अर्थाची ती विनंती. चाळीस वर्षं ती मी रोज म्हणत आले होते. ऋण म्हणजे पाप, अपराध, काहीतरी आध्यात्मिक, असं डोक्यात पक्कं होतं. त्या रात्री पहिल्यांदा तो शब्द जसा आहे तसा ऐकू आला. ऋण. तीन लाख रुपये. २०१८.

माझं तोंड बंद झालं. पुढची ओळ आली तेव्हा परत सुरू केलं.

तुम्ही म्हणाल एक दिवस ठीक आहे. पण दुसर्‍या दिवशीही तेच झालं. मग मी खोकायला लागले. कधी ग्लास पुढे ओढायचे, कधी ओढणी सावरायचे. मग तेही बंद केलं, सरळ गप्प बसायचे. नवर्‍याला कळलं असणार. तो बोलला नाही, तो तसा बोलणार्‍यातला नाही.

आणि गंमत म्हणा की काय, बाकीचं सगळं उत्तम चाललं होतं! प्रार्थना रोज. रविवार चुकत नव्हता. महिलांच्या प्रार्थनासभेत मी दोनदा वचन दिलं, एकदा तर क्षमेवर. (हो. विषय मला दिलेला होता, पण नाही म्हणता आलं असतं.) सगळ्या बायका म्हणाल्या फार छान बोललीस. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र गुडघा दुखतोय असं सांगून मी मागे बसून राहायचे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तिथे 'भाऊ' हाच शब्द आहे. मला पळवाट म्हणून शेजारी किंवा मित्र असं काहीसं असतं तर बरं झालं असतं.

मी पळवाटा शोधल्याही. माझी एक मैत्रीण वसईची, कॅथलिक. त्यांच्या प्रार्थनेत याच जागी 'अपराध' असा शब्द आहे. मला वाटलं, आपणही तसंच म्हणावं. अपराधाची क्षमा करायला मी तयार होते, तो वर्षाच्या प्रार्थनेच्या दिवशी जे बोलला त्याची. फक्त पैशाचं वेगळं ठेवायचं होतं. मग लूकचं शुभवर्तमान काढून बघितलं. तिथे आपल्या बाजूने 'पाप' म्हटलंय, पण दुसर्‍याच्या बाजूला ऋणी येऊन बसलाच आहे! पुढे एका जाणत्या पाळकांनी सांगितलं की येशू जी अरामी भाषा बोलत असे, तिच्यात पाप आणि कर्ज या दोन्हींसाठी एकच शब्द चालायचा. म्हणजे माझी वेगळी खातेवही तिथेही चालणार नव्हती. त्यात भर म्हणजे मराठीत ते क्रियापद पूर्ण झालेल्या क्रियेचं आहे. सोडू, सोडायचा प्रयत्न करू, असं नाही. सोडून झालंय, आणि मग देवाकडे मागतोय. आणि प्रार्थना संपल्यावर येशू त्यातल्या एकाच विनंतीवर पुन्हा बोलतो, ती नेमकी हीच. भाकरीवर नाही, मोहावर नाही.

आणखी एक. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला तो निर्दय चाकर सगळ्यांना माहीत असतो. राजा त्याचं प्रचंड कर्ज सोडतो, आणि तो बाहेर पडून सोबतीच्या चाकराचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. लहानपणापासून प्रत्येक प्रवचनात ऐकलं की बघा, शंभर दिनार म्हणजे किती क्षुल्लक रक्कम! पण दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुरांना तेवढीच ठरवून दिलेली आहे. म्हणजे शंभर दिनार ही शंभर दिवसांची मजुरी झाली, तीन महिन्यांहून जास्त. ही काही किरकोळ रक्कम नाही! मला या हिशोबाने उलट बरं वाटलं. तुझं येणं क्षुल्लक आहे असं येशूने त्या चाकराला सांगितलेलं नाही. येणं खरं आहे, मोठं आहे, आणि तरीही.

'तरीही'च्या पुढे मी जात नव्हते.

मग २०२४ च्या नोव्हेंबरातली एक रात्र. नेहमीसारखं पावणेनऊ, टेबलावर खिचडीची ताटं. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, ती ओळ आली. मी गप्प झाले. आणि माझ्या लक्षात आलं की नवर्‍याचा एकट्याचाच आवाज येतोय. डोळे उघडून बघितलं. लेकसुद्धा गप्प. ती तेव्हा आठवीत. पुढची ओळ आली तशी ती परत म्हणायला लागली.

आमेन झाल्यावर मी विचारलं, "काय गं, मध्येच का थांबलीस?"

ती अगदी सहज म्हणाली, "माझं वर्गात भांडण झालंय. मी तिला माफ नाही करणार. तू पण थांबतेस ना तिथे. मला वाटलं ज्याला जमत नसेल त्याने तिथे थांबायचं असतं."

मी ताटं उचलायला उठले. नवराही उठला. ओट्यापाशी तो पहिल्यांदा बोलला, तेही एकच वाक्य. "नगरला जाऊन ये."

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी गेले. एकटीच. वाकडेवाडीहून एसटी पकडली. शिरूर, सुपा... हा रस्ता मी शेकडो वेळा केलेला, पण त्या दिवशी पोटात गोळा. काय बोलायचं ते पाठ करत होते. पैशाचं राहू दे, असं म्हणायचं ठरवलं होतं. मोठ्या मनाने. वाटेत मला स्वतःचं जरा कौतुकही वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

दादाने दार उघडलं. "ये," म्हणाला. चहा त्यानेच केला, वहिनी बाहेर गेली होती. दुकान कसं चाललंय, लेक कितवीत आहे, असं करत करत अर्धा तास गेला. मग मी माझं वाक्य म्हटलं. "दादा, ते पैशाचं राहू दे."

आणि दादा भडकला!

"राहू दे म्हणजे? मी भिकारी आहे का? मी नाही म्हटलंय का कधी द्यायला?"

हे माझ्या पाठांतरात नव्हतं. क्षमा करायला आलेल्या माणसाला समोरच्याने रडून मिठी मारायची असते, असं मी महिला सभेत सांगितलेलं होतं. इथे आम्ही परत २०२३ च्या त्या स्वयंपाकघरात जाऊन पोचलो होतो. तेवढ्यात वहिनी आली. तिने पिशवी खाली ठेवली आणि आमच्याकडे बघून काही न बोलता बसली. मग मी ते बोलले जे पाठ केलेलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, अकरा महिने. मी एकदाही म्हटलं नाही तुला काही."

मग ती बोलायला लागली. दर दोन तासांनी पप्पांची कूस कशी बदलावी लागायची. रात्री ते तिला आईच्या नावाने हाक मारायचे. त्यांना फिजिओथेरपीला न्यायचं तर रिक्षात बसवता येत नव्हतं, म्हणून ती गाडी घेतली. तिचे दागिने ठेवून. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. एक रविवार सोडून एक रविवार मी ते बघतच होते. गाडीत पप्पांना बसवताना मीसुद्धा एकदा दार धरलं होतं. पण बघितलं होतं आणि हिशोबात धरलं नव्हतं.

आपण मराठी माणसं निरोप समारंभात किती सहज म्हणतो, 'आभार मानत नाही, तुमच्या ऋणातच राहायला आवडेल.' ऐकायला छान वाटतं. खर्‍या ऋणात राहायला कुणालाही आवडत नाही. ना दादाला आवडत होतं, ना मला.

दादाने शेवटी ठरवलं की तो दर महिन्याच्या ५ तारखेला पाच हजार पाठवणार. मी नको म्हटलं नाही. एवढं मला तोवर कळलं होतं. त्याचं ऋण सोडायला गेले होते, आणि त्याचा मान ठेवायचा तर ते घ्यावं लागणार होतं. मग मी सोडायचं ते काय? याचं उत्तर मला परतीच्या एसटीत मिळालं नाही. थोडं थोडं नंतर मिळत गेलं.

त्या रात्री मुक्कामाला राहिले. आठ वाजले तसा दादा उठून पप्पांच्या खुर्चीशेजारी बसला. त्याच्याकडे अजून आठच. वाचन कुठलं तर यहोशवा, मुलुखांच्या सीमा आणि गावांची नावं. तोही सलग वाचतो! मी त्याच्याकडे बघितलं नाही, त्याने माझ्याकडे बघितलं नाही, पण तो एका नावाशी अडखळला आणि वहिनी म्हणाली, "हसू नका दोघं." मग प्रभूची प्रार्थना. ती ओळ मी म्हटली. आवाज धड निघाला नाही. दादाचा मोठा आवाज होता, पप्पांसारखा, त्यात माझा खपून गेला.

आता दर महिन्याला ५ तारीख येते. कधी पैसे येतात, कधी आठवड्याने येतात, पावसाळ्यात धंदा थंड असतो तेव्हा दोन दोन महिने येत नाहीत. सुरुवातीला ५ तारखेला सकाळपासून माझं लक्ष फोनकडे असायचं. मेसेज आला नाही की दुपारपर्यंत मनात परत ती गाडी, परत ते पातेलं, सगळं हजर. तेव्हा कळलं की एकदा नगरला जाऊन आले म्हणून काम झालं असं नाही. रोजच्या भाकरीसारखंच हे रोजचं आहे, आणि त्या प्रार्थनेत दोन्ही शेजारी शेजारी आहेत. मी बँकेचा मेसेज बघणं बंद केलं. आता तो हिशोब नवरा ठेवतो. किती आले, किती राहिले ते मी विचारत नाही. (विचारावंसं वाटतं.)

बंगळूरच्या भाचीला हे सगळं फोनवर सांगितलं नाही. तिला इतकंच सांगेन की पावणेनऊ ठरवा, ताटं उचलू नका, आणि प्रभूची प्रार्थना गाळू नका, मन लागो न लागो. ती रोज म्हणत नसते तर मी कुठे थांबते आहे ते मला कळलंही नसतं. आणि लेकीलाही नसतं.

लेकीचं ते वर्गातलं भांडण केव्हाच मिटलं, ती मुलगी आता आमच्याकडे अभ्यासाला येते. लेक दहावीला आहे, जेवायलासुद्धा पुस्तक घेऊन बसते. गेल्या महिन्यात ५ तारखेला पैसे आले नव्हते. नवर्‍याने सांगितलं नाही, पण त्याच्या चेहर्‍यावरून मला कळलं. रात्री प्रार्थनेला बसलो, ती ओळ जवळ आली, आणि मी सहज डोळे किलकिले केले तर लेक एक डोळा उघडा ठेवून माझ्याकडे बघत होती.

मी ओळ म्हटली. तिने डोळा मिटून घेतला.